तुर्की माणसाची करुणा मोजताना

तुर्कस्तानात पावाच्या दुकानांतून एक रीत आहे. तिला ‘आस्कदा एकमेक’ म्हणतात, म्हणजे खुंटीवरचा पाव. गिऱ्हाईक दोन पावांचे पैसे देतं, एक घेऊन जातं आणि दुसरा ‘खुंटीला’ ठेवायला सांगतं. नंतर कुणी गरजू येतो, खुंटीला पाव आहे का असं विचारतो आणि असला तर घेऊन जातो. देणारा आणि घेणारा एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत. ही जुन्या उस्मानी वळणाची माणुसकी आहे. पूर्वी मशिदींजवळ ‘सदका ताशी’ नावाचे दगडी खांब असत. खांबाच्या माथ्यावरच्या खळग्यात कुणी नाणी ठेवी, गरजू त्यातलं लागेल तेवढं उचले. रमजानमध्ये सधन माणसं अनोळखी मोहल्ल्यातल्या वाण्याकडे जाऊन त्याच्या उधारीच्या वहीतली काही पानं चुकती करत. कुणाची उधारी फिटली हे त्यांना कळत नसे, आणि कुणी फेडली हे ऋणकोला. इस्तंबूलच्या उस्कुदार भागातल्या आयाझ्मा मशिदीच्या भिंतीवर पक्ष्यांसाठी कोरलेली दगडी घरटी आजही पाहायला मिळतात.

अशा समाजातल्या माणसाच्या हातात कागद देऊन ‘तुमच्या मनात इतरांविषयी किती करुणा आहे?’ असं विचारायचं म्हणजे सोपं काम नाही. तरी मानसशास्त्राला ते करावं लागतं. परिचारिका, शिक्षक, समुपदेशक यांच्या प्रशिक्षणाने माणूस खरोखर बदलतो का, हे पाहायचं तर आधी आणि नंतर मोजायला काहीतरी हवं.

त्यासाठी तुर्कस्तानात आलेलं माप मुळात अमेरिकेतलं. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये स्वतःविषयीची करुणा मोजणारी 26 विधानांची मापनी प्रसिद्ध केली. तिच्यामागचा विचार बौद्ध परंपरेतून आलेला. मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा ही नावं मराठी वाचकाला नवी नाहीत, त्यामुळे हा धागा आपल्याला लगेच ओळखू येतो. नेफ यांनी करुणेचे तीन पदर मानले: मायेने वागणं, दुःख सगळ्यांच्याच वाट्याला येतं ही जाणीव, आणि दुःखाकडे न भांबावता सजगपणे पाहणं. त्याच विद्यापीठात एलिझाबेथ पॉमियर यांनी पीएचडीच्या कामात हे तीन पदर इतरांविषयीच्या करुणेला लावले. त्यांच्या मापनीत 24 विधानं आणि सहा उपमापन्या होत्या. तीन सरळ: माया, समान माणूसपणाची जाणीव, सजगता. तीन उलट्या: बेफिकिरी, दुरावा, अलिप्तपणा. विधान वाचायचं आणि ‘जवळजवळ कधीच नाही’पासून ‘जवळजवळ नेहमी’पर्यंतच्या पाच पायऱ्यांपैकी एकीवर खूण करायची.

ही मापनी सेहेर अकदेनिझ आणि एम. एन्गिन देनिझ यांनी तुर्कीत आणली. 2016 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि मापनीला नाव मिळालं ‘मर्हामेत ओल्चेई’. ओल्चेक म्हणजे मापनी, आणि मर्हामेतमधला ‘रहम’ आपल्या कानांना ओळखीचा आहेच.

अशा कामाला ‘भाषांतर’ म्हटलं की निम्मं काम नजरेआड होतं. रिवाज असा: दोन्ही भाषा जाणणारी काही माणसं विधानं स्वतंत्रपणे तुर्कीत करतात. जाणकारांची समिती त्यातून एक पाठ ठरवते. मग मूळ इंग्रजी न पाहिलेला कुणीतरी तो पाठ परत इंग्रजीत नेतो आणि दोन्ही इंग्रजी पाठ शेजारी ठेवून कुठे फट पडली ते पाहिलं जातं. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी 1970 मध्ये मांडलेली ही उलटभाषांतराची पद्धत आजही चालते. पुष्कळदा पुढे आणखी एक चाळणी लावतात. इंग्रजी चांगलं येणाऱ्या तुर्की माणसांना आधी इंग्रजी आणि काही आठवड्यांनी तुर्की प्रश्नावली देतात. दोन्हीकडे त्याच माणसाचे गुण जुळले, तर शब्द बदलूनही अर्थ शाबूत राहिला असं धरतात.

तुर्कीत खरी कसोटी लागते ती उलट्या विधानांत. तुर्कीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार त्या क्रियापदाच्या पोटात असतो. ‘इल्गिलेनिरिम’ म्हणजे मी लक्ष घालतो, ‘इल्गिलेनमेम’ म्हणजे मी लक्ष घालत नाही. आपल्याकडे ‘नाही’ हा वेगळा शब्द कानावर आदळतो. तिथे अख्खा अर्थ शेवटच्या शब्दातल्या एखाददुसऱ्या अक्षरावर फिरतो. चोवीस विधानं भराभर वाचणाऱ्या विद्यार्थ्याची नजर तिथून घसरली की दयाळू मुलगा बेफिकिरीच्या रकान्यात जाऊन बसतो. त्यात उत्तराची पहिली पायरीच ‘जवळजवळ कधीच नाही’. नकारी विधानाला नकारी उत्तर म्हणजे होकार, हे गणित प्रत्येक वेळी मनात सोडवावं लागतं. म्हणून अशी विधानं आधी थोड्या लोकांकडून भरून घ्यावीत, त्यांना काय समजलं ते शेजारी बसून विचारावं आणि मगच पुढे जावं. या पायरीला फाटा देणाऱ्या संशोधकाचे पुढचे आकडे कितीही देखणे असोत, माझा त्यांच्यावर विश्वास बसत नाही.

त्यानंतर येतं संख्याशास्त्र. शेकडो लोकांची उत्तरं घेऊन घटक विश्लेषण करतात. मुळात सहा गटांत पडलेली विधानं इथेही त्याच सहा गटांत पडतात का, हे त्यातून दिसतं. एखादं विधान बाकीच्यांशी फटकून असेल, म्हणजे एकूण गुणांशी त्याचा सहसंबंध 0.30 च्या खाली असेल, तर ते काढण्याचा विचार होतो. विधानं एकमेकांना धरून आहेत का, हे क्रॉनबॅकच्या अल्फाने पाहतात. 0.70 च्या वर गेला तर समाधानकारक.

या पायरीवर काय घडू शकतं, हे नेफ यांच्याच मापनीच्या तुर्की इतिहासात दिसतं. 2007 मध्ये अहमेत अकन आणि सहकाऱ्यांनी ती तुर्कीत आणली. मूळच्या 26 विधानांसह सहाही घटक त्यांना सापडले. पुढच्याच वर्षी, 2008 मध्ये, देनिझ, केसिजी आणि स्युमेर यांनी त्याच मापनीचं वेगळं रूपांतर प्रसिद्ध केलं. त्यांच्याकडे दोन विधानं गळली, 24 उरली, आणि सहा घटकांऐवजी एकच घटक मिळाला. एकच देश, एकच मूळ मापनी, एका वर्षाचं अंतर, आणि घडण वेगळी! दोन्ही रूपं वापरात राहिली. त्यांची तुर्की नावंही निराळी, आणि पुढे तिसरं नावही रूढ झालं. आजच्या तुर्की विद्यार्थ्याला या विषयावरचं संशोधन शोधताना तिन्ही नावांनी शोधावं लागतं. मला हा प्रकार लाजिरवाणा वाटत नाही. दोन्ही गटांनी आपले निष्कर्ष उघडपणे मांडले, म्हणूनच मतभेद कुठे आहे ते दिसलं. मूळ मापनीही काही काळ्या दगडावरची रेघ नसते. पॉमियर, नेफ आणि इश्तवान टोथ-किराली यांनी 2020 मध्ये इतरांविषयीच्या करुणेची मापनी 16 विधानांवर आणि चार उपमापन्यांवर आणली. त्यामुळे 24 विधानांचं तुर्की रूप आता जुन्या मुळावर उभं आहे आणि नव्याची वेगळी पारख करावी लागते.

एक अडचण मात्र कुठलीच आकडेमोड पुरती सोडवत नाही. जिथे दया हा धर्माचा आणि संस्काराचा भाग आहे, तिथे स्वतःला बेफिकीर म्हणवून घ्यायला कोण धजेल? शिवाय नाव न सांगता पाव ठेवून जाणाऱ्याला हा कागद स्वतःच्या चांगुलपणाची जाहीर नोंद करायला लावतो. त्यामुळे हे गुण माणूस स्वतःला कसा पाहतो ते सांगतात. प्रत्यक्षात तो कसा वागतो, ते निराळं तपासावं लागतं. देशादेशांची तुलना करताना तर आणखी जपायला हवं. ‘पूर्वेकडची माणसं अधिक करुणामय’ असं आपण सहज बोलून जातो. नेफ आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये अमेरिका, थायलंड आणि तैवानमधल्या विद्यार्थ्यांची स्वतःविषयीची करुणा तपासली. थायलंड सर्वांत वर, तैवान सर्वांत खाली, आणि अमेरिका मध्ये! पूर्व-पश्चिम अशी सरळ रेघ तिथे दिसलीच नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी? 6 फेब्रुवारी 2023 रोजी काहरामानमाराश परिसरात 7.8 आणि 7.5 तीव्रतेचे दोन भूकंप एकाच दिवशी झाले. तुर्कस्तानात 50 हजारांहून अधिक माणसं गेली. इतरांना सावरणाऱ्यांपैकी अनेकांची स्वतःचीच घरं ढिगाऱ्याखाली होती. सतत दुसऱ्याचं दुःख झेलून येणाऱ्या थकव्याला तिथे ‘करुणेचा थकवा’ म्हणतात. बेथ स्टॅम यांची तो मोजणारी 30 विधानांची प्रश्नावली 2010 मध्येच तुर्कीत आली होती. आपत्ती कोसळल्यावर मापनी घडवायला वेळ नसतो. ती आधीच घडवून, पारखून ठेवलेली असावी लागते.

मराठीतही प्रबंधांसाठी, रुग्णालयांसाठी, शाळांसाठी इंग्रजी प्रश्नावल्या उतरवल्या जातात. त्या उतरवणाऱ्यांना माझी विनंती आहे की गळलेली विधानं, न जुळलेले घटक, सगळं छापा. आणि वाचकहो, उद्या कुणी तुमच्यापुढे असा मराठी कागद ठेवला, तर भरण्याआधी एवढं जरूर विचारा: हा कुणी मराठीत आणला, किती मराठी माणसांवर तपासला, आणि त्याचा अहवाल कुठे वाचायला मिळेल?