पावसाळी रात्री आंबोलीत: बेडूक शोधा, साप पाहा, पण हात लावू नका!

पावसाळ्यात आंबोलीला जाणारे बहुतेक जण धबधब्याखाली भिजतात, गरमागरम कणीस खातात, सेल्फी काढतात आणि अंधार पडायच्या आत घाट उतरतात. तुम्ही मात्र एक रात्र मुक्काम करा. सावंतवाडी तालुक्यातल्या या गावाला खरी जाग येते ती दिवेलागणीनंतर. झुडपातून कुणी टकटक करतं, डबक्यातून कुणी टर्र करतं आणि टॉर्च मारून बघावं तर पानसुद्धा हललेलं दिसत नाही.

शोधायचं कसं? एक सोपी युक्ती आहे. दोघांनी थोडं अंतर ठेवून उभं राहायचं आणि आवाज येतो त्या दिशेला बोट दाखवायचं. दोन्ही रेषा जिथे मिळतील, तिथे बेडूक बसलेला असतो. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि मोठ्यांपेक्षा त्यांनाच जास्त बेडूक सापडतात, कारण त्यांचे डोळे झुडपाच्या उंचीवर असतात. दुसरी युक्ती टॉर्चची. टॉर्च कमरेजवळ न धरता कानशिलापाशी धरा, म्हणजे प्राण्यांचे डोळे चमकलेले दिसतात. गवतात हिरवट ठिपके लुकलुकले तर ते बहुधा कोळ्याचे डोळे असतात. हिरमुसू नका, तोही बघण्यासारखाच असतो.

आंबोलीचा सर्वांत मानाचा रहिवासी काडेपेटीत मावेल एवढा आहे. अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे, म्हणून त्याचं शास्त्रीय नाव झँथोफ्रायनी टायग्रिना. आपण त्याला आंबोली टोड म्हणू. 2009 साली शास्त्रज्ञांनी त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. तो जगात फक्त या परिसरात सापडतो. पावसाच्या सुरुवातीला कातळावरच्या उथळ खळग्यांत पाणी साठतं, त्यातच मादी अंडी घालते. खळगा आटायच्या आत पिल्लांना पाण्याबाहेर पडावं लागतं. पाऊस दडी मारून बसला तर सगळं संपतं. त्यामुळे कातळावर चालताना डबक्यात पाय टाकू नका. आपल्याला जे चिखलाचं पाणी वाटतं, ती कदाचित त्या वर्षीची सगळी वीण असते.

झाडांवर नजर टाकलीत तर मलबारी उडता बेडूक दिसेल: हिरवागार, बोटांमध्ये लालसर पडदे. हे पडदे पसरून तो एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. पाण्यावर झुकलेल्या पानांना साबणाच्या फेसासारखा गोळा चिकटलेला दिसला तर ते त्याचं घरटं समजा. आतली पिल्लं योग्य वेळी टपकन खालच्या पाण्यात पडतात. नशीब जोरावर असेल तर ओल्या मातीत देवगांडूळही भेटेल. नावात गांडूळ असलं तरी तो बेडकाचाच नातेवाईक आहे.

फोटो काढताना

फोटोसाठी महागडा कॅमेरा लागतोच असं नाही, मोबाइलही पुरतो. मोबाइल प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीला आणा आणि फोकस डोळ्यावरच ठेवा. मोबाइलचा फ्लॅश बंद करा. सोबतच्या माणसाला टॉर्चवर पातळ पांढरा टिश्यू पेपर धरून बाजूनं उजेड टाकायला सांगा, म्हणजे ओल्या कातडीवर पांढरे डाग उठणार नाहीत. चार-पाच फोटो झाले की पुढे व्हा. मिलनात गुंतलेल्या जोडीवर दहा जण उजेड टाकत उभे राहिले तर ती जोडी विखुरते.

बेडूक हातात घेऊन फोटो काढायचा मोह आवरा. बेडकाची कातडी श्वासही घेते आणि पाणीही शोषते. तुमच्या हातावरचं मच्छर पळवणारं मलम किंवा सनस्क्रीन तिच्यातून थेट आत जातं. दुसऱ्या जंगलातून आला असाल तर बूटही धुऊन या. बेडकांना मारणारी काइट्रिड नावाची बुरशी ओल्या चिखलातून पसरते.

सापांच्या बाबतीत तर शंकाच नको. मलबारी चापडा हिरवा, तपकिरी, पिवळसर अशा कितीतरी रंगांत दिसतो आणि बराच काळ एकाच फांदीवर बसून राहतो. तो पळत नाही म्हणून लोक सोकावतात. कुणी वाटाड्या काठीनं त्याला ‘चांगल्या बॅकग्राउंड’वर ठेवायला लागला, तर त्याला स्पष्ट नाही म्हणा. साप पकडणं, हाताळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. शिवाय आपल्याकडचं सर्पदंशाचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतं, चापड्याच्या विषावर नाही. दोन मीटर लांबूनच झूम करा. सिंधुदुर्गातल्या कातळांवर फुरसंही असतं, म्हणून गमबूट घाला आणि दगडाखाली हात घालू नका. दंश झालाच तर कापाकापी नको, घट्ट दोरी बांधणं नको. माणसाला स्थिर ठेवा, 108 ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा.

फोटो शेअर करण्याआधी मोबाइलमधलं लोकेशन बंद करा. ‘आंबोली’ एवढं लिहिलं तरी पुरे, अमुक झाडापाशी हे नको. दुर्मीळ प्राणी विकणारेही तेच फोटो बघत असतात. आणि रात्री गाडी अगदी हळू चालवा. बेडूक रस्ता ओलांडतात ते पावसातच, आणि टायरखाली सापडतात तेही तेव्हाच.

आंबोली लांब पडत असेल तर मार्च ते मेमध्ये साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर जा. पवनचक्क्यांच्या खाली दगडावर चढून निळा-काळा-केशरी गळा फुलवणारा सरडा दिसेल. 2016 मध्ये त्याच्या कुळाला शास्त्रज्ञांनी नाव दिलं ‘सारडा’, म्हणजे आपला मराठी सरडाच! दिल्लीकर मराठी मंडळींनी जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर साचलेल्या पाण्यावर लक्ष ठेवावं. एरवी मळकट दिसणारा मोठा बेडूक तेव्हा हळदीसारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवतो. एकेकाळी याच बेडकांचे पाय परदेशी हॉटेलांत जायचे. मुंबईचे निसर्गतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि 1987 मध्ये ही निर्यात थांबली.

आंबोलीसाठी जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा काळ चांगला. शनिवार-रविवार टाळलात तर घाटात गर्दी कमी आणि बेडकांचा आवाज जास्त. रात्री फिरायला स्थानिक जाणकार सोबत घ्या, जादा मोजे घ्या आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. इथल्या पावसाला छत्री पुरत नाही.