पायाखालची माती : वाळवी लांबणीवर, आधी हवेली

वाळवीबद्दल लिहीन असा शब्द दिला होता, तो या आठवड्यात पाळत नाही. सागाच्या रानातली वारुळं कुठे पळून जात नाहीत. दर्यापूरकडून आलेल्या एका पत्राने मात्र डोकं पोखरलं आहे.

गेल्या खेपेला बोलता बोलता मी जबलपूरच्या हवेली पद्धतीचा उल्लेख एका वाक्यात उरकला होता. त्यावर हे शेतकरी वाचक विचारतात : तुमच्याकडे काळ्या रानात तीन-तीन महिने पाणी कोंडून ठेवतात आणि त्याच रानात हरभरा घेतात म्हणता. आमच्याकडे चार दिवस पाणी साचलं तरी कपाशी पिवळी पडते. मग तुमची माती वेगळी, की तुम्ही थापा मारता?

थापा नाहीत. आणि मातीची जातकुळी तर एकच. वऱ्हाडातली काळी आणि नर्मदा-हिरन नद्यांनी आणून पसरलेली आमची काळी, दोघी दख्खनच्या लाव्ह्याच्या लेकी. निम्म्याच्या आसपास चिकण, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी. लाव्ह्याच्याही आधीची माती पाहायची असेल, तर आमच्या शहरातल्या बडा शिमला टेकडीवर या. ठगांचा कर्दनकाळ म्हणून ठाऊक असलेल्या स्लीमनला १८२८ मध्ये तिथे भलीमोठी हाडं सापडली. पुढे १८७७ मध्ये त्या प्राण्याचं टायटॅनोसॉरस असं बारसं झालं. हाडांची चर्चा सगळे करतात. ज्या लमेटा थरांत ती होती, त्यांतले काही थर म्हणजे चक्क जुनी जमीन आहे, चुनखडीच्या गाठींसकट, याचं कौतुक कोणी करत नाही. आजही आमच्याकडे काळ्या रानात खोल खणलं की चुनखडीच हाती लागते. असो, या टेकडीवर गेलो की मला परत यायला उशीर होतो.

तर हवेली. जबलपूरहून पाटण-शहपुऱ्याकडे, पुढे नरसिंहपूरपर्यंत हा सपाट पट्टा आहे. शेताला चारी बाजूंनी मातीचा चांगला रुंद बांध. अशा बांधलेल्या शेताला बंधिया म्हणतात. पावसाळा लागला की बंधिया भरू द्यायची. आत काही पेरायचं नाही. खरीप विसरायचा. सप्टेंबर सरता सरता किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला बांधाला तोंड पाडायचं, वरच्या बंधियातलं पाणी खालच्या बंधियात, तिथून आणखी खाली, शेवटी नाल्याला. मग दहा-पंधरा दिवसांत वाफसा आला की हलका वखर फिरवायचा आणि गहू, हरभरा, मसूर पेरून मोकळं व्हायचं. त्यानंतर पाण्याचा थेंब द्यायचा नाही. मीटरभर खोल काळ्या मातीत पिकाला उचलता येईल असं पाणी दोनशे मिलिमीटरच्या आसपास मावतं, आणि रब्बीचं कोरडवाहू पीक तेवढ्यावर निघतं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरकारांनी या पद्धतीची नोंद केली आहे आणि ती त्यांच्याही आधीची आहे.

आता दर्यापूरकरांच्या प्रश्नाचा गाभा. पाणी साचलेल्या मातीत नेमकं होतं काय?

माती पाण्याने भरली की तिच्यातला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. जिवाणूंचा श्वास मात्र थांबत नाही. ते प्राणवायूऐवजी नायट्रेटवर काम भागवतात. ते संपलं की मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि काहीच उरलं नाही की मिथेन निघू लागतो. भरलेल्या बंधियात पाय रोवला की घोट्याभोवती बुडबुडे येतात, त्यात तो असतो. हा क्रम ठरलेला आहे आणि तो विजेच्या दाबात मोजता येतो. चिखलात प्लॅटिनमची कांडी खुपसून हे मोजण्याचं काम ज्यांनी जिद्दीने केलं त्यांत इंग्लंडमधल्या लीड्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ पिअरसॉल पुढे होते. १९३९ मध्ये त्यांनी मॉर्टिमर यांच्यासोबत पाणथळ माती आणि चिखल यांवर लिहिलेला निबंध अजून वाचावा असा आहे. साधारण साडेतीनशे मिलिव्होल्टच्या वर माती श्वास घेत असते, नायट्रेट टिकून असतं. त्याखाली गेली की नायट्रेट नाहीसं होतं आणि लोहाचं रूप पालटतं.

पिअरसॉल यांच्याच हाताखाली १९३७ मध्ये एका भारतीय तरुणाने पीएच.डी. मिळवली. विषय इंग्लंडच्या सरोवरांतल्या पाणवनस्पतींचा : कोणती वनस्पती कुठे रुजते हे तळाचा गाळ कसं ठरवतो. हे रामदेव मिश्र. भारतीय परिसरविज्ञानाचे जनक म्हणून बारावीच्या पुस्तकात त्यांचं चित्र असतं, पण त्यांचा पाया चिखलात घातला गेला हे त्यात ठसत नाही. बनारसला स्थिरावण्याआधी काही वर्षं ते आमच्या शेजारच्या सागर विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. झाड पाहायचं तर आधी त्याच्या बुडाची माती पाहा, ही शिस्त त्यांच्यामुळे आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांच्या अंगी बाणली. मला विचाराल तर या देशात परिसरविज्ञान वाघाच्या मागून नव्हे, गाळाच्या मागून आलं.

तर, कपाशी का पिवळी पडते? पाणी आलं तेव्हा ती उभी होती म्हणून. तिची मुळं गुदमरली आणि तिच्या वाट्याचं नायट्रेट जिवाणूंनी संपवलं. बंधियात त्या तीन महिन्यांत गुदमरायला पीकच नसतं. नायट्रेट तिथेही उडून जातं, हे लपवण्यात अर्थ नाही. मृगाच्या पहिल्या सरींनी तापलेल्या मातीत नायट्रेटची जी लाट येते, ती हवेलीवाला चक्क पाण्यात घालवतो. त्यातलं थोडं पाण्यावर वाढणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळातून परत मिळत असावं. भातखाचरातलं शेवाळ हवेतला नत्र पकडतं हे पी. के. डे यांनी १९३९ मध्येच दाखवलं होतं. पण खरी भरपाई पिकाच्या निवडीत आहे. हरभरा आणि मसूर आपला नत्र आपण कमावतात. गहू एकटा न पेरता त्यात हरभरा मिसळून पेरायचा, या मिश्र पेऱ्याला इकडे बिर्रा म्हणतात. नायट्रेट हा शब्द ज्यांनी ऐकला नव्हता त्यांनी हा हिशेब बरोबर जुळवला होता.

पाणी सोडल्यावर आठवड्याभराने बंधियातलं ढेकूळ फोडून पाहावं. आतला भाग करडा, थोडा निळसर, गटाराजवळ येतो तसा वास. आणि जुन्या मुळांच्या पोकळ्यांच्या कडेने बारीक तांबूस रेघा. हवा आत शिरण्याची पहिली वाट तीच असते, म्हणून लोह आधी तिथे गंजतं. पुढे भेगा उघडल्या की बाकीची माती श्वास घेऊ लागते. काळ्या रानात हे रंग चटकन दिसत नाहीत, ढेकूळ उन्हात धरून पाहावं लागतं.

पण मग एवढा खटाटोप का? पाणी मुरवायला, हे उघड उत्तर झालं. माझ्या मते त्याहून मोठं कारण कांस आहे. शरदात पांढरे तुरे डोलवणारं हे गवत कवींना आवडतं, शेतकऱ्याला नाही. वऱ्हाडात कुंद्याने रान धरलं की जे होतं, तेच इकडे कांसाने. त्याची मुळं बैलांच्या नांगराच्या आवाक्याबाहेर जातात आणि तुटलेल्या तुकड्यातून नवा कोंब येतो. स्लीमनने १८४४ च्या आपल्या पुस्तकात कांसाने गिळलेल्या रानांबद्दल लिहिलं आहे. गावंच्या गावं ओस पडत. स्वातंत्र्यानंतर मध्य भारतातलं हे गवत उपटण्यासाठी केंद्र सरकारने ट्रॅक्टरांचं खातंच उभारलं, आणि १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून शेतीयंत्रांसाठी एक कोटी डॉलरचं कर्ज काढलं. बँकेने भारताला दिलेलं हे दुसरंच कर्ज. पहिलं रेल्वेसाठी होतं. एका गवतासाठी वॉशिंग्टनचं दार ठोठवावं लागलं! बंधियावाल्याने तेच काम पावसाच्या पाण्याने केलं. सलग काही वर्षं रान बुडवलं की कांस मरतो, आणि बाकीच्या तणांचं बी उगवायलाच धजत नाही. देशाची तणसंशोधन संस्था १९८९ मध्ये जबलपुरात, अधारतालजवळ उभी राहिली याची मला नेहमी गंमत वाटते. तिच्यापासून तासाभराच्या अंतरावर तणनाशक म्हणून पाणी वापरणारी माणसं पिढ्यान् पिढ्या राबत होती.

होती, म्हणतो. आज बंधिया शोधावी लागते. आमच्या कृषी विद्यापीठाने इलिनॉय विद्यापीठाच्या साथीने साठच्या दशकात सोयाबीनवर काम सुरू केलं, पुढे सोयाबीनने मध्य प्रदेश व्यापला. खरिपात पीक येतंय आणि पैसाही देतंय म्हटल्यावर रान रिकामं कोण ठेवणार? बांध फुटले. मग बरगी धरण १९९० मध्ये पुरं झालं, कालवे आले, आणि आता पावसाळ्यात भात, मागून गहू किंवा मटार. शेतकऱ्याला नावं ठेवायची माझी तयारी नाही. वर्षाला एक पीक घेऊन मुलांची फी भरता येत नाही. शिवाय हवेलीला शेजारधर्म लागतो. वरच्याने पाणी कधी सोडायचं आणि खालच्याने ते कधी पुढे काढायचं हे गावाने ठरवावं लागतं, आणि जमिनींच्या वाटण्या होत गेल्यावर असं काही ठरवणं किती अवघड, हे सामाईक विहीर असलेल्या कुणालाही विचारा.

कालव्याचं पाणी मात्र वेगळ्या जातीचं आहे. खाली होशंगाबादकडे तवा धरणाचे कालवे सुटले आणि काही वर्षांत काळी रानं उपळू लागली. १९७७ मध्ये तिथे ‘मिट्टी बचाओ’ आंदोलन झालं. वर्ध्यात जन्मलेले अनुपम मिश्र त्यात होते, तलावांवरच्या पुस्तकाने ते पुढे घराघरांत पोचले. ज्या मातीने तीन महिने पाणी डोक्यावर घेऊन कधी तक्रार केली नाही, ती कालव्याने बिघडली. कारण बंधियातलं पाणी ऑक्टोबरात जातं, कालव्याचं झिरपतच राहतं. भूजल वर चढतं, भेगा पडायला उसंत मिळत नाही, आणि मातीचा श्वास परत येत नाही.

दर्यापूरकर, आता तुमच्या रानाचं. तुमच्याकडे हवेली करू नका. एक तर जबलपूरला पाऊस तेराशे मिलिमीटरच्या वर, तुमच्याकडे आठशेच्या आसपास. पण पावसाहून मोठी अडचण म्हणजे तुम्ही पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहात. तिथल्या मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. असे कण पाण्यात एकमेकांना धरून राहत नाहीत, सुटे होऊन छिद्रं बुजवतात. वर पाणी साचेल, खाली मुरणार नाही, आणि उन्हाने उडून जाईल. मुरलंच तर खाली खारं पाणी वाट पाहतंय. तुमच्याकडे शेततळं ठीक आहे.

तरीही नदीपासून लांबचं, थोडं चढावरचं रान असेल तर बांधाचा विचार करण्याआधी घरच्या घरी एक करा. वाळलेलं बोराएवढं ढेकूळ घ्या, वरचं एक आणि फूट-दीड फूट खालचं एक. काचेच्या दोन पेल्यांत पावसाचं पाणी घ्या, विहिरीचं नको. खारं पाणी खोटी साक्ष देतं. ढेकूळ अलगद सोडा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी ढेकूळ नुसतं फुटून तळाशी बसलं असेल आणि वरचं पाणी नितळ असेल, तर मातीत सोडियमचा त्रास फारसा नाही. ढेकळाभोवती पाणी गढूळ होऊन तसंच राहिलं असेल, तर बांध विसरा आणि माती तपासून जिप्समचं प्रमाण विचारा. आणि खालच्या ढेकळाचा पेला नीट पाहा. वरची माती पुष्कळदा चांगली निघते, दगा खालची देते.