तीन गोळ्या, पाच जखमा

दिल्लीत राजघाटाजवळच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात गांधीजींचे रक्ताने माखलेले कपडे ठेवलेले आहेत आणि त्यांना लागलेल्या तीन गोळ्यांपैकी एक. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी बिर्ला भवनात नथुराम गोडसेने त्या बेरेटा एम १९३४ या इटालियन पिस्तुलातून झाडल्या. पिस्तूल एकच, अंतर काही फुटांचं, मधला वेळ काही क्षणांचा. तरी दोन गोळ्या पाठीतून बाहेर पडल्या आणि उजव्या छातीत शिरलेली तिसरी फुफ्फुसातच राहिली. गांधीजींचे सचिव प्यारेलाल यांनी तसं नोंदवून ठेवलं आहे.

या पिस्तुलाचं काडतूस ९ मि.मी. कोर्तो. गोळीचं वजन सहा ग्रॅमच्या थोडं वर, वेग सेकंदाला साधारण २८५ मीटर, म्हणजे आवाजापेक्षा कमी. ऊर्जा जेमतेम २५० ज्यूल. आपल्या पोलिसांकडच्या ९ मि.मी. पॅराबेलम गोळीत याच्या जवळपास दुप्पट ऊर्जा असते. जाणकार कोर्तोला किरकोळ समजतात. मग ही किरकोळ गोळी आरपार कशी जाते?

ऊर्जा दुप्पट झाली की खोलीही दुप्पट होते, हा समज मुळात चुकीचा. शरीर म्हणजे बव्हंशी पाणी, आणि पाण्यासारख्या पदार्थाचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. जास्त वेगाने शिरलेली गोळी आपला वेग जास्त झपाट्याने गमावते. आकार तेवढाच ठेवून वजन वाढवलं, तर मात्र गोळी अधिक नेटाने पुढे जाते, कारण तेवढाच विरोध आता जास्त वस्तुमानाला थोपवायचा असतो. आणि या दोन्हींवर मात करतो तो गोळीचा घाट. विहिरीत सूर मारणाऱ्याला पाणी वाट देतं, पोटावर पडणाऱ्याला तेच पाणी चोपून काढतं. कोर्तोची लष्करी गोळी गोल नाकाची, शिशाच्या गाभ्यावर पूर्ण धातूचं कवच असलेली. मऊ मांसात ती सहसा फुलत नाही, वाट काढत जाते. टोकाला पोकळी असलेली ‘हॉलो पॉइंट’ गोळी मात्र छत्रीसारखी उघडते. व्यास ९ वरून १५ मि.मी. झाला, तर समोरचं क्षेत्रफळ पावणेतीन पटींहून जास्त वाढतं. ती लवकर थांबते.

लवकर म्हणजे किती, याचा हिशेब अमेरिकेत मांडला गेला तो एका फसलेल्या चकमकीनंतर. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयच्या एका एजंटची ९ मि.मी. हॉलो पॉइंट गोळी दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडेच थांबली. तो लढत राहिला. दोन एजंट मारले गेले. त्यानंतर एफबीआयने किमान १२ आणि कमाल १८ इंच खोलीचा निकष ठरवला. त्याची मोजणी होते ती चार अंश सेल्सिअसला ठेवलेल्या १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात. ठोकळा नीट जमला आहे का हे पाहायला आधी साडेचार मिलिमीटरचा पोलादी छर्रा सेकंदाला १८० मीटरच्या वेगाने त्यात मारतात. तो साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास थांबला, तरच ठोकळा वापरायचा. या चाचणीत कोर्तोची फुलणारी गोळी बऱ्याचदा १२ इंचही गाठत नाही, आणि तिचीच गोल नाकाची बहीण १८ इंच ओलांडून जाते! ऊर्जा दोघींची जवळजवळ सारखीच.

जिलेटिनमध्ये हाडं नसतात, कातडीही नसते. खऱ्या शरीरात बरगडी आडवी आली की वेग घटतो, दिशाही बदलते. पलीकडची कातडी तर इतकी लवचीक असते, की मांस ओलांडून आलेली गोळी कित्येकदा तिच्याखालीच अडकलेली सापडते. त्यामुळे एकाच पिस्तुलाच्या तीन गोळ्यांची गत वेगवेगळी झाली, यात नवल काही नाही.

गांधीहत्येत चौथी गोळीही होती का, हा प्रश्न मुंबईचे पंकज फडणीस यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. २८ मार्च २०१८ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. न्यायवैद्यकाच्या हिशेबाने बघायचं तर तीन गोळ्या आत शिरल्या आणि दोन बाहेर पडल्या, म्हणजे भोकं पाच. आत शिरतानाच्या भोकाभोवती बहुधा कातडी खरवडल्याची कडा उमटते. बाहेर पडतानाचं भोक बरेचदा वेडंवाकडं फाटलेलं असतं, आणि ही कडा त्याला सहसा नसते. गोळ्या मोजायच्या त्या या कडांवरून.