मॉनिटर घेताना रंग खरा दिसतो का ते बघा

आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण गटाच्या पैशाचा आहे. म्हणून हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि कान देऊन ऐका.

पापड, मसाले, शेवया, शिवणकाम ही आपल्या बचत गटांची नेहमीची कामं. त्यांच्या जोडीला फोटोचं काम सुरू करावं, असं भोकरदन तालुक्यातल्या एखाद्या गटाच्या मनात आलं तर ते बरोबरच आहे. शाळेच्या ओळखपत्राला फोटो लागतो, बँकेत लागतो, नोकरीच्या अर्जाला लागतो. लगीनसराईत तर विचारूच नका. शिवाय गटाचा माल मोबाईलवर दाखवून विकायचा, तर त्याचाही फोटो चांगला हवा. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातली मिरची असो की भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी असो, लांबचा गिऱ्हाईक आधी फोटो बघतो आणि मग भाव विचारतो.

या कामासाठी कॅमेऱ्याची चौकशी होते, प्रिंटरची होते. मॉनिटर मात्र सीपीयूबरोबर दुकानदार जो देईल तो घेतला जातो. आमचं सांगणं असं, की फोटोच्या धंद्यात मॉनिटर म्हणजे तराजू. तराजूच खोटा असेल, तर कितीही जपून तोला, माप चुकणारच.

रंग कुठे बिघडतो?

आपण साडी घ्यायला जातो तेव्हा काय करतो? दुकानातल्या ट्यूबलाईटखाली साडी आवडते, तरी पदर धरून दारापाशी येतो आणि उन्हाच्या उजेडात रंग बघतो. कारण आपल्याला माहीत असतं, की आतल्या उजेडात अंजिरी रंग किरमिजी वाटतो आणि मोरपंखी निळा वाटतो. मॉनिटरचंही तसंच आहे. तो फोटो आपल्या स्वतःच्या उजेडात दाखवतो. तो उजेड निळसर असेल तर फोटो निळसर दिसेल. मग आपण माउस हातात घेऊन त्यात पिवळा वाढवू. प्रिंट निघाली की नवरीचा चेहरा काविळीसारखा पिवळा! फोटो आधी चांगलाच होता. मॉनिटरनं खोटं सांगितलं आणि आपण चांगल्याचं वाईट केलं.

यात नुसता कागद वाया जात नाही. आपल्याकडच्या पुष्कळ माणसांचा रंग सावळा. निळसर मॉनिटरवर सावळा चेहरा राखेसारखा दिसतो, म्हणून काम करणारी तो उजळत जाते आणि शेवटी लेकीला स्वतःचाच फोटो परका वाटतो. ज्याचा त्याचा रंग जसा आहे तसा, पण छान उजेडात दाखवणं हे फोटो करणारीचं खरं कसब. त्यासाठी मॉनिटर खरं बोलणारा पाहिजे.

आतली काच तीन प्रकारची

मॉनिटरच्या आतल्या भागाला पॅनल म्हणतात. साधारणपणे बाजारात त्याचे तीन प्रकार मिळतात: टीएन, व्हीए आणि आयपीएस. ही अक्षरं पाठ करायची गरज नाही, वहीत लिहून न्या.

टीएन पॅनल स्वस्त असतं. पण त्याच्यासमोर खुर्चीवर बसून बघितलं तर रंग वेगळा आणि उभं राहून बघितलं तर वेगळा. दोघी मिळून काम करत असतील, तर एकीला चेहरा फिका दिसतो आणि दुसरीला काळपट. खरं कुणाचं मानायचं? व्हीए पॅनलमध्ये काळा रंग छान गडद दिसतो, सिनेमा बघायला ते चांगलं, पण तिरकं बघितलं की त्याचाही रंग थोडा बदलतो. आयपीएस पॅनलमध्ये समोरून बघा, बाजूनं बघा, रंग जवळपास तोच राहतो. फोटोच्या कामाला आयपीएसच घ्या. दुकानदार म्हणेल, “एलईडी आहे ताई, एकदम चांगला.” एलईडी हा फक्त मागचा दिवा झाला. तो तिन्ही प्रकारांत असतो. म्हणून “एलईडी ठीक आहे, पॅनल कोणतं?” असं स्पष्ट विचारा.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे?

मॉनिटर लाल, हिरवा आणि निळा या तीनच रंगांतून बाकीचे सगळे रंग तयार करतो. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या धरल्या, तर त्यांच्या मेळातून १ कोटी ६७ लाखांवर रंगछटा होतात. म्हणून खोक्यावर १६.७ मिलियन कलर्स असं लिहिलेलं असतं. हा आकडा बहुतेक सगळ्याच मॉनिटरवर असतो, त्यावर भुलू नका.

बघायचा तो आकडा एसआरजीबीचा. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी १९९६ साली रंगांचं हे एक माप ठरवलं. मोबाईल, इंटरनेट आणि बहुतेक फोटो लॅब यांचं काम याच मापावर चालतं. मॉनिटरच्या माहितीत ‘एसआरजीबी ९९ टक्के’ किंवा ‘१०० टक्के’ असं असेल तर आपलं काम झालं.

काही खोक्यांवर एसआरजीबीऐवजी एनटीएससी लिहितात. हे १९५३ सालचं, जुन्या अमेरिकी रंगीत टीव्हीचं माप आहे. इथे गंमत अशी, की ७२ टक्के एनटीएससी हा आकडा कमी वाटतो, पण ढोबळ हिशेबानं तो पूर्ण एसआरजीबीच्या जवळ जातो. आणि ४५ टक्के एनटीएससी लिहिलं असेल, तर समजा की एक तृतीयांशाहून जास्त रंग त्या मॉनिटरला दाखवताच येत नाहीत. अशा मॉनिटरवर लाल मिरची विटकरी दिसते आणि कुंकू फिकं पडतं. स्वस्त लॅपटॉपच्या स्क्रीन पुष्कळदा अशाच असतात.

याहून जास्त रंग दाखवणारे महागडे मॉनिटरही असतात. आपल्या पासपोर्ट फोटोला आणि लग्नाच्या अल्बमला त्यांची गरज नाही. तसा घ्यायचाच झाला, तर त्यात एसआरजीबी मोड आहे ना, ते बघा. नाहीतर सगळे रंग भडक दिसतात आणि आपण ते उगाच कमी करत बसतो.

केवढा घ्यायचा?

२४ इंची मॉनिटर आपल्या कामाला पुरेसा आहे. हे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरकं मोजतात. त्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असावेत, यालाच फुल एचडी म्हणतात. २७ इंची घ्यायचा असेल तर ठिपकेही वाढले पाहिजेत, २५६० बाय १४४० तरी हवेत. ठिपके तेवढेच ठेवून नुसती काच मोठी केली, तर ते ताणलेल्या विणीसारखं विरळ दिसतं.

चार बाय सहाचा फोटो छापायला एका इंचात ३०० ठिपके धरले, तर १२०० बाय १८०० ठिपके लागतात. म्हणजे असा फोटो फुल एचडी मॉनिटरवर आडवा धरला, तर थोडा लहान करूनच पूर्ण मावतो. बारीक काम करताना तो मोठा करून तुकड्यातुकड्यानं बघायचा असतो. म्हणून फोर-केसाठी जास्त पैसे मोजायची घाई नको.

आणखीही काही गोष्टींना पैसे घालू नका. १४४ किंवा १६५ हर्ट्झ हा आकडा गेम खेळणाऱ्यांसाठी असतो, आपल्याला ६० ते ७५ पुरे. वाकडी, म्हणजे कर्व्ह स्क्रीन नको, तिच्यावर फोटोची सरळ कड वाकलेली भासते. आरशासारखी चकचकीत काचही नको, तिच्यात खिडकी आणि आपलंच तोंड दिसत राहतं.

दुकानात गेल्यावर

जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जायचं तर गाडीभाडं आणि दिवस दोन्ही मोडतं. म्हणून तयारीनं जा. पेनड्राइव्हमध्ये आपले चार-पाच फोटो न्या. एक हळदीचा फोटो असू द्या: पिवळी हळद, हिरवा चुडा, लाल कुंकू आणि माणसांचे गोरे-सावळे चेहरे, सगळं एकाच फोटोत सापडतं. त्याच फोटोची चांगल्या लॅबमधून काढलेली प्रिंट पिशवीत ठेवा आणि मॉनिटरशेजारी धरून बघा.

मग फोटो पूर्ण स्क्रीनवर लावून आधी बसून बघा, मग उभं राहून, मग दोन्ही बाजूंनी. चेहरा बदलला तर तो मॉनिटर सोडा. पांढऱ्या टोपीच्या चुण्या आणि काळ्या केसांच्या बटा वेगवेगळ्या दिसतात का ते बघा. त्यानंतर पूर्ण पांढरी, काळी, लाल, हिरवी आणि निळी स्क्रीन एकेक करून लावायला सांगा. एखादा ठिपका मेलेला असेल तर तेव्हाच कळतो.

आणखी एक सांगतो. कॉम्प्युटर कळतो म्हणून घरातल्या भाच्याला किंवा दिराला बरोबर न्या, हरकत नाही. पण रंग तुम्हीच बघा. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणं हा रंगांधळेपणाचा नेहमी आढळणारा प्रकार पुरुषांत बायकांपेक्षा पुष्कळ जास्त असतो, कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषात हे गुणसूत्र एकच असतं, बायकांत दोन. वर्षानुवर्षं काठाला पदर आणि ब्लाउजला साडी जुळवणारी आपली नजर इथे कामी येते.

आपला सीपीयू जुना असेल तर त्याच्या मागच्या जोडणीचा मोबाईलवर फोटो काढून न्या. जुन्यात बहुतेक व्हीजीए असतं, नव्या मॉनिटरला एचडीएमआय लागतं. जुळत नसेल तर दुसरी फेरी पडते. बिल गटाच्या नावानं घ्या. वॉरंटी किती वर्षांची आणि खराब निघाला तर किती दिवसांत बदलून मिळेल, ते बिलावर लिहून घ्या.

घरी आणल्यावर

नव्या मॉनिटरचा उजेड दुकानासाठी वाढवून ठेवलेला असतो. तो मोजायचं माप म्हणजे निट. खोक्यावर २५० किंवा ३०० निट लिहिलेलं असतं, पण छपाईच्या कामाला ८० ते १२० निटच लागतात. ‘स्क्रीनवर छान, प्रिंट मात्र काळी’ ही तक्रार बहुधा इथूनच येते. मोजायचं यंत्र नसलं तरी सोपा उपाय आहे. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत उजेड कमी करा.

मॉनिटरच्या बटणांत रंगाचं तापमान विचारतात, तिथे ६५०० निवडा. डोळ्यांना आराम म्हणून जी पिवळी छटा असते, ती फोटोचं काम करताना बंद ठेवा. मॉनिटर खिडकीसमोर ठेवू नका आणि दारातलं ऊन त्याच्यावर येऊ देऊ नका. मागची भिंत पांढरी किंवा राखाडी असावी. भडक गुलाबी किंवा पोपटी भिंत डोळ्याला फसवते.

रंग मोजून मॉनिटर नीट लावणारं एक छोटं यंत्र मिळतं, त्याला कॅलिब्रेटर म्हणतात. ते एका गटाला परवडणार नाही, पण ते फक्त अधूनमधून लागतं. चार गटांनी किंवा ग्रामसंघानं मिळून एक घेतलं तर सगळ्यांचं भागतं.

विजेचं आपल्याला माहीतच आहे. मॉनिटर स्वतः फार वीज खात नाही, २४ इंचीला साधारण २० ते ३० वॅट लागतात. पण कमी-जास्त दाबानं तो जळू शकतो. म्हणून यूपीएस जोडा, काम करता करता लाईट गेली तरी फोटो जतन करायला वेळ मिळतो.

पैशाचा हिशेब

समजा, साधा मॉनिटर दोन हजारांनी स्वस्त मिळतो आहे. आता वहीत मांडा. एका प्रिंटचा कागद आणि शाई मिळून आठ रुपये धरले आणि रंग चुकल्यामुळे रोज दहा प्रिंट फेकाव्या लागल्या, तर रोजचे ८० रुपये गेले. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दोन हजार झाले. म्हणजे वाचवलेले पैसे पहिल्याच महिन्यात कचऱ्याच्या टोपलीत. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला भरावाच लागतो.

म्हणून खरेदीचा विषय आधी गटाच्या बैठकीत घ्या. काय घ्यायचं ते ठरावाच्या वहीत असं लिहा: २४ इंची, आयपीएस पॅनल, फुल एचडी, एसआरजीबी ९९ टक्के, चकाकी नसलेली काच. एवढी एक ओळ हातात असली, की दुकानदार दुसरं काही गळ्यात मारू शकत नाही. दोन-तीन दुकानांचे भाव घ्या, पण याच ओळीवर घ्या.

ज्या गटांकडे आधीच मॉनिटर आहे, त्यांनी लगेच नवा घ्यायला धावू नये. आज सांगितलेलं पांढऱ्या कागदाचं काम आधी करून बघा, एक प्रिंट काढा आणि शेजारी धरा. तेवढ्यानं रंग जुळला तर पैसे गटातच राहिले.

पुढच्या भागात प्रिंटरची शाई आणि फोटोचा कागद यांबद्दल बोलू. तोवर आपापल्या गटात चर्चा करा आणि काही अडलं तर विचारा.