विहीर शोधणारे गणित

साथ म्हणजे रुग्णांची यादी, असे आम्हा डॉक्टरांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. नव्वदच्या दशकात ग्रामीण भागात बंधपत्राची सेवा करत असताना एका गावात जुलाब-उलट्यांची साथ आली. आरोग्यसेवकाला बरोबर घेऊन मी घरोघर फिरलो आणि वही भरली. नाव, वय, जुलाब कधीपासून, सलाइन लावले की ओआरएसवर भागले, सगळे लिहिले. ज्या घरात कुणी आजारी नव्हते तिथे ‘सगळे ठीक ना?’ एवढे विचारून पुढे निघालो. त्या घरांची नोंदच केली नाही. ती चूक होती हे मला कितीतरी वर्षांनी कळले, अँडरसन मॅकेन्ड्रिक यांच्या १९२६ मधल्या एका निबंधामुळे.

त्यात भारतातल्या एका खेड्यातल्या कॉलऱ्याचे आकडे आहेत. घरे २२३. त्यांपैकी १६८ घरांत एकही रुग्ण नाही. ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार. एकूण रुग्ण ८६. आता समजा, सगळ्या गावाला सारखाच धोका होता. मग ८६ रुग्ण २२३ घरांत निव्वळ योगायोगाने विखुरले असते, तर एकच रुग्ण असलेली घरे ५८ च्या आसपास हवीत आणि तीन रुग्णांचे घर जेमतेम एखाद-दुसरे. प्रत्यक्षात एक रुग्णाची घरे फार कमी आणि दोन-तीन रुग्णांची फार जास्त. म्हणजे धोका सगळ्यांना सारखा नव्हता.

मॅकेन्ड्रिक यांनी उलटा हिशेब मांडला. रुग्णांची ही विभागणी किती घरांना शोभेल? उत्तर आले, ९३. म्हणजे रुग्ण नसलेल्या १६८ घरांपैकी चाळीसेक घरे धोक्यात असूनही केवळ नशिबाने वाचली होती. उरलेल्या १३० घरांपर्यंत रोग पोहोचलाच नव्हता. यावरून त्यांनी अंदाज बांधला की रोग पाण्यातून आला असावा, गावात एकापेक्षा जास्त विहिरी असाव्यात आणि त्यांतली एक दूषित असावी. चौकशी केल्यावर तशी एक विहीर सापडली. गावातला ठरावीक भाग तिचेच पाणी पीत होता.

आजचा चिकित्सक वाचक विचारेल, घरातल्या रुग्णाची शुश्रूषा करताना दुसऱ्याला लागण झाली तरी आकडे असेच दिसतील ना? दिसतील. म्हणून तर विहीर जाऊन पाहावी लागली.

हे गृहस्थ गणिताचे पदवीधर नव्हते. १८७६ मध्ये एडिंबरात जन्म, वडील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः ग्लासगोत वैद्यकीचे शिक्षण घेतलेले, आणि मग इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरी. १९०१ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर हिवतापाच्या कामासाठी ते सिएरा लिओनला गेले. साथींचे गणित हे नवे शास्त्र होऊ शकते हे वेड रॉस यांचेच, आणि ते त्यांनी या तरुण डॉक्टरला लावले. पुढे कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये, पिसाळलेले कुत्रे चावलेल्यांच्या उपचारांच्या धबडग्यात, मॅकेन्ड्रिक गणित करत राहिले. जिवाणूंची वाढ आधी झपाट्याने होते आणि अन्न संपत आले की मंदावते, याचे सूत्र त्यांनी १९११ मध्ये केशव पै यांच्यासह मांडले. सरकारी दवाखान्यात वेळ मिळत नाही अशी तक्रार मीही करतो, म्हणून हे सांगितले.

१९२० मध्ये स्प्रू या आतड्याच्या विकाराने त्यांना मायदेशी परतावे लागले. एडिंबरातल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख झाले. तिथे विल्यम कर्मॅक हा तरुण रसायनशास्त्रज्ञ होता. १९२४ मध्ये प्रयोग करताना झालेल्या स्फोटात त्याची दृष्टी कायमची गेली. या दोघांनी १९२७ मध्ये जो निबंध लिहिला, त्यातून आजचे एसआयआर मॉडेल आले. लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि बरे झालेले किंवा दगावलेले असे लोकसंख्येचे तीन भाग, आणि एका भागातून दुसऱ्यात जाण्याचा वेग. त्यांनी दाखवले की लागण होऊ शकणाऱ्यांची संख्या एका मर्यादेखाली गेली की साथ ओसरते. त्यासाठी प्रत्येकाला लागण व्हावी लागत नाही. कोविडच्या काळात आमच्या रुग्णालयातल्या बैठकांत ‘पीक कधी, खाटा किती’ यावर जे अंदाज मांडले जात, ते याच घराण्यातले.

या निबंधात नमुन्याला घेतलेली साथ आपल्या मुंबईची आहे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले प्लेगचे आठवडावार मृत्यू. सुरुवातीला आठवड्याला दहाच्या आसपास, एप्रिलमध्ये नऊशेच्या वर, जुलैत पुन्हा पंचवीस-तीस. सूत्राची वक्ररेषा या आकड्यांवर इतकी चपखल बसते की पाहणारा थक्क होतो.

पण प्लेग उंदरांचा आणि पिसवांचा रोग. दोघा लेखकांनी तो कबूल करून आपले स्थिरांक ढोबळ आहेत असे लिहूनच ठेवले होते. शिवाय मुंबईत प्लेग त्या काळी दरवर्षी याच महिन्यांत चढे आणि उन्हाळा सरता सरता उतरे. तेव्हा साथ उतरली ती लागण होण्याजोगे उंदीर-माणसे कमी झाल्यामुळे की ऋतू पालटल्यामुळे, हे त्या सुंदर रेषेवरून ठरवता येत नाही. अलीकडच्या अभ्यासकांचा कल ऋतूकडे आहे. खेड्यातल्या २२३ घरांचा हिशेब विहिरीपर्यंत जाऊन ताडून पाहता आला होता. मुंबईच्या चाळींतले उंदीर १९२७ मध्ये एडिंबरात बसून कोण मोजणार?