दुसऱ्या फेऱ्याचं पाणी

पहाटेचे पाच. लातूरच्या जुन्या वस्तीतल्या या गल्लीत आज नळाचा दिवस आहे. आठ-दहा दिवसांनी आलेलं पाणी तासाभरात भरून घ्यायचं, म्हणून घरोघरी दिवे लागलेत, मोटारींची घरघर सुरू झालीय, कुणाच्या तरी दारात रिकाम्या घागरी एकमेकींवर आपटतायत. आत्याच्या घरी वहिनी नळाला फडकं बांधते. आधी पिण्याचा रांजण, मग स्वयंपाकघरातली पिंपं, मग अंगणातला हौद, हा क्रम ठरलेला. शेवटची कळशी उचलता उचलता मी विचारतो, "झाडांचं पिंप कुठलं?"

"झाडांना वेगळं पाणी नसतंय बाबा," हौदावर झाकण सरकवत आत्या म्हणते. "घरातलं काम उरकलं की तेच तिकडं जातंय. चल, दाखवते."

मागच्या दाराने आम्ही परसात येतो. एप्रिल संपत आलाय. दुपारी पारा चाळिशीच्या वर जातो, गावाबाहेरची रानं ओकीबोकी पडलीत. इथे मात्र मांडवावर दोडका चढलाय, त्याच्या सावलीत कोथिंबीर आणि पालकाचा वाफा आहे, भिंतीकडेला वांगी, कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता, मोरीच्या अंगाला केळी, अळू आणि लाल फुलांची कर्दळ. हिरवळीचा गालिचा नाही, शोभेची नखरेल झाडं नाहीत. जे आहे ते ताटात पडणारं, देवाला वाहायचं, नाहीतर सावली देणारं.

न्हाणीतून बाहेर आलेल्या पाइपच्या टोकाला एक एल्बो बसवलाय. तो चिकटवलेला नाही, हाताने फिरतो. आत वहिनीचं धुणं चाललंय. "आई, फेसाचं पाणी येतंय!" ती हाक देते, आणि आत्या एल्बोचं तोंड गटारीकडे वळवते. पांढरा फेस वाहून जातो. थोड्या वेळाने दुसरी हाक येते, "आता खळबळल्याचं!" एल्बो लगेच केळीकडे फिरतो. विटांचे तुकडे आणि वाळू भरलेल्या छोट्या खड्ड्यात पाणी उतरतं, तिथून चरातून केळी-कर्दळीच्या मुळाशी जातं.

ही दोन हाकांची शिस्त मला फार मोलाची वाटते. धुण्याच्या पावडरीतला सोडा आपल्या काळ्या मातीत साठत गेला की माती घट्ट, चिकट होते आणि वरचं पाणी खाली मुरेनासं होतं. म्हणून फेसाचं पाणी बाहेर, खळबळल्याचं आत. तेही पालेभाजीला कधीच नाही, आणि साठवूनही ठेवायचं नाही. त्याच दिवशी जिरवलं नाही तर वास सुटतो, डास होतात. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी मात्र पातेल्यातून थेट वाफ्यावर येतं. मीठ पडलेलं पाणी तेवढं वगळायचं.

वांग्यांच्या मधोमध जमिनीतून नुसतं एक तोंड वर आलेलं दिसतं, त्यावर फरशीचा तुकडा. आत्या तो बाजूला करते. मातीचा मटका गळ्यापर्यंत पुरलेला आहे. कुंभाराकडचा, चांगला भाजलेला, पण रंग किंवा झिलई नसलेला. खरं काम त्याच्या अंगावरच्या बारीक छिद्रांचं असतं, ती बुजलेली चालत नाहीत. भोवतालची माती कोरडी पडली की ती मटक्यातलं पाणी ओढून घेते, माती ओली असली की पाझर आपोआप कमी होतो. किती पाणी हवं हे मातीच ठरवते.

आत्या खुरप्याने कडेची माती हलकेच उकरते. वरची दोन बोटं माती कोरडी, भुरभुरीत. त्याखाली काळीभोर ओल, आणि मटक्याच्या पोटाला वांग्याची पांढरी तंतुमुळं जाळीसारखी बिलगलेली. मी बोट टेकवून बघतो. मटका गार लागतो, बोटाला दमट माती चिकटते.

"वरून ओतलं असतं तर ऊनच पिऊन गेलं असतं," आत्या म्हणते. माती पुन्हा सारखी करून ती कळशीने मटका भरते आणि फरशी नीट बसवते. फट राहिली तर डास अंडी घालतात. बोअरच्या जड पाण्याने छिद्रांत क्षार बसतात, त्यामुळे हंगाम संपला की मटके काढून काथ्याने घासायचे, हेही ती बजावून सांगते.

दोन मटक्यांमधली जमीन उसाच्या पाचटाने आणि वाळल्या पाल्याने झाकलीय. थर चांगला चार बोटांचा, पण खोडाभोवती जागा मोकळी ठेवलेली, म्हणजे खोड कुजत नाही, वाळवी चढत नाही. पाचट उचललं तर खाली माती मऊ, आणि एक गांडूळ अंग चोरून आत जातं. जिथे आच्छादन नाही तिथे वहिनी दर आठवड्याला खुरपं फिरवते. काळ्या मातीला भेगा पडल्या की खोलवरची ओल त्या वाटेने उडून जाते, भेगा मोडल्या की ती टिकते. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हे रानातलं शहाणपण परसातही तितकंच खरं.

हे सगळं २०१६ च्या उन्हाळ्याने पक्कं केलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. "त्या साली भाजी लावलीच नाही," आत्या सांगते. "शेवगा अन् कढीपत्ता तेवढा जगवला. माणसाचं पाणी झाडाला घालायचं नाही. पण माणसानं वापरून टाकलेलं, ते झाडाचंच आहे."

शेजारच्या काकू तुळशीची कुंडी घेऊन येतात. पानं मलूल, खाली झुकलेली. "अक्का, रोज दोनदा पाणी घालते, तरी सुकायलीय."

आत्या आधी बोट दोन पेरं मातीत खुपसते, मग कुंडी कलती करून तळाचं भोक बघते. भोक बुजलंय, आत चिखल झालाय. "तहानली नाही ही. बुडाली." एक काडी घालून ती भोक मोकळं करते, कुंडी सावलीला ठेवते. "आता आठवडाभर बोटाला विचारूनच घाला. ओल लागली तर नाही. कोरडं लागलं तर सकाळी, ऊन चढायच्या आत." काकू स्वतः बोट घालून बघतात, मान हलवतात.

सात वाजलेत, ऊन पत्र्यावर आलंय. आत्या वर बोट दाखवते. पन्हळीचा एक सांधा निखळून लोंबतोय. हा पत्रा साधारण चाळीस चौरस मीटरचा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वीस मिलिमीटरचा वळीव झाला तर याच छपरावरून आठशे लिटर उतरतील. काही उडेल, काही सांडेल, पहिल्या सरीचं धुळकट पाणी सोडून द्यावं लागेल, तरी हौदाला मोठा आधार होईल. मी शिडी लावतो, आत्या खालून तार आणि पक्कड देते.

टंचाईच्या गावात बाग लावावी का, असं लोक विचारतात. नळाचं ताजं पाणी पाइपने सोडून वाढवायची असेल तर मुळीच लावू नये. पण तांदळाचं धुवण आणि खळबळलेलं पाणी रोज गटारीत जातंच. ते मुळाशी पोचवणं, माती झाकून ठेवणं आणि छपरावरचं पाणी अडवणं, एवढं करायची तयारी असेल तर अशा गावात बाग जरूर लावावी. पाण्याची किंमत ज्यांना कळलीय त्यांच्याच हातून ती नीट वाढते. मृगाला अजून महिना-सव्वा महिना आहे. मटका पुरायला आणि पन्हळ बसवायला एवढा वेळ पुष्कळ झाला.