ध्यानाला बसलात, म्हणून बीपीची गोळी सोडू नका

"ध्यानाला बसायला लागलोय, आता बीपीची गोळी बंद!" शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हे इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. वर पुस्ती असते, "अहो, केईएममध्येच सिद्ध झालंय."

काय सिद्ध झालंय, ते पाहू. परळच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९६९ साली 'अँजिऑलॉजी' या नियतकालिकात आला. रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना त्यांनी शवासन शिकवलं. उताणं पडून संथ श्वास घ्यायचा आणि आत जाणाऱ्या हवेचा गारवा, बाहेर येणाऱ्या हवेची ऊब नाकपुडीपाशी टिपायची. म्हणजे श्वासावरचं ध्यानच ते. बऱ्याच जणांचा दाब उतरला, काहींची औषधं कमी करता आली. पण ती कमी केली डॉक्टरांनी, दाब मोजत मोजत. गुण सगळ्यांना आला नाही आणि तुलनेसाठी शवासन न करणारा वेगळा गटही नव्हता. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१७ साली एवढंच म्हटलं: ध्यानाचा फायदा होऊ शकतो, पण नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून.

"गोळी सोडूनही मला छान वाटतंय" हा तर पुरावाच नव्हे! वाढलेला दाब बहुतेकांना जाणवतच नाही. मन शांत असतानाही पारा १८० वर असू शकतो.

ध्यान जरूर सुरू करा, पण कारण नीट निवडा. २०१४ साली ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चिंता, उदासी आणि वेदना काही प्रमाणात कमी झालेल्या दिसल्या. मात्र औषधं किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस ठरलं नाही. सुरुवात करायला एवढं कारण पुरे आहे.

विचार थांबत नाहीत? थांबवायचे नसतातच, भरकटलेलं मन पुन्हा श्वासावर आणणं हाच सराव. मांडी घालता येत नाही? खुर्चीत बसा, डॉ. दात्यांचे रुग्ण तर आडवेच होते. पैसे लागतात? विपश्यना या ध्यानपद्धतीच्या दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नसतं. मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर अशा शिबिराआधी डॉक्टरांना विचारा.

आणि ज्यांनी गोळी परस्पर सोडली आहे, त्यांनी आजच दाब मोजून घ्या आणि तो आकडा घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.